ठिपकीची कात: डिसेंबर ते फेब्रुवारी

ठिपकी म्हणजे आमची लेपर्ड गेको, ठिपक्यांची पाळीव पाल. वय तीन, वजन ६२ ग्रॅम, मुक्काम अमेरिकेतलं मिनेसोटा. गेले दोन हिवाळे तिने कात कधी टाकली तेही कळलं नाही. या वर्षी घर बदललं, आणि नव्या घरात हीटर दिवसरात्र गरम हवा फुंकतो.

८ डिसेंबर
सकाळी अंगाचा रंग उडालेला, काळे ठिपके दुधाच्या सायीखाली गेल्यासारखे. रात्री तिने तोंडाने ओढून मोज्यासारखी कात काढली आणि नेहमीप्रमाणे खाऊन टाकली. मी निश्चिंत.

११ डिसेंबर
खाणं देताना उजव्या पुढच्या पायाच्या दोन बोटांवर पांढरी वळी दिसली. अडकलेली कात. ही वाळली की दोऱ्यासारखी आवळते, रक्त पोचत नाही आणि बोट गळतं. गेकोची तुटलेली शेपटी परत येते, बोट येत नाही.

डब्यात घोट्यापर्यंत कोमट पाणी (३० अंश, मोजून), झाकणाला भोकं, २० मिनिटं. मग कापसाचा ओला इअरबड बोटाच्या मुळाकडून नखाकडे घोळवत नेला. एक वळं सुटलं, दुसरं नाही. चिमटा हातात घेतला होता, पण परत ठेवला. कोरडी कात ओढली तर खालची नवी कातडीही सोबत येते.

चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर आई: "अगं, पालीला कसली आंघोळ घालतेस? आपल्या माळ्यावरच्या पालींना कोण घालतं?"
हसले खरी, पण कोकणातल्या दमट हवेत तिथल्या पालींना गरजच काय!

१४ डिसेंबर
रोज भिजवूनही दुसऱ्या बोटाचं टोक काळपट. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. टोक गेलंय, पण संसर्ग नाही, आपोआप गळेल म्हणाले. डोळे नीट तपासले, कारण लेपर्ड गेकोला पापण्या असतात आणि त्यांच्या आतही कात अडकते. मग विचारलं, ती राहते त्या टाकीत आर्द्रता किती? मी ऐटीत सांगितलं, ५० टक्के.

१७ डिसेंबर
डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) आला. टाकीत १७ टक्के! जुना काट्याचा मीटर काढून कुकरच्या वाफेवर धरला. काटा ५० वर ढिम्म. वर्षभर मी त्याच्यावर विसंबून होते. जुन्या आणि नव्या कातडीमध्ये पातळ द्रव सुटतो, त्यानेच कात मोकळी होते. हवा इतकी कोरडी असली तर ती चिकटून बसणारच.

मग तिला कात टाकायला ओलसर जागा हवी म्हणून दह्याचा मोठा डबा धुतला (आपल्याकडे ते कधी संपतात का!), बाजूला भोक पाडून कडा घासल्या आणि आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरलं.

२१ डिसेंबर
टोक गळालं. डब्याकडे बाईसाहेब ढुंकून बघत नाहीत. चूक माझीच, तो थंड बाजूला ठेवला होता. हीट मॅटच्या (ऊब देणाऱ्या चटईच्या) कडेवर सरकवला.

२४ डिसेंबर
भोकातून फक्त नाक बाहेर. डब्यात ७८ टक्के, टाकीत ३५. सगळी टाकी दमट करायची नाही, हे वाळवंटाकडचं जनावर आहे. सतत ओल राहिली तर त्वचेचे आणि श्वासाचे वेगळे त्रास.

९ जानेवारी
कात डब्यातच पडली. शेपटीच्या टोकाला जरा राहिली होती, ती एकदा भिजवल्यावर निघाली. मॉस दर आठवड्याला बदलतेय, नाहीतर बुरशी धरते. बेबी ऑइल लावण्याचा सल्ला दोघांनी दिला, मी लावलं नाही. ती अंग चाटते, तेल पोटात जाणार.

१३ फेब्रुवारी
सकाळी रंग एकदम लख्ख. कातीचा तुकडासुद्धा कुठे नाही, सगळी गिळलेली. टॉर्च लावून चारही पायांची बोटं मोजली: साडेएकोणीस, सगळी स्वच्छ.