वजनकाट्याआधी टेप लावा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आशा म्हणून काम करते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका ओळखायचा कागद, आम्ही भरतो. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, हे विचारायचं आणि कमरेचा घेर मोजायचा. बाईचा घेर ८० सेंटीमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९० पर्यंत असला तर गुण शून्य. त्यावर गेला की गुण चढतात. सगळे मिळून चारच्या वर गेले, तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. गावात सगळ्यांना वजनाची चिंता असते, मला पोटाची वाटते. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं पुढं, अशी माणसं इथं खूप आहेत. पोटाच्या आत साठलेली चरबी शुगर-बीपीचा धोका वाढवते.

"ताई, म्या त काहीच खात नाई, तरी आंग सुटून रायलं!" हे मला घरोघरी ऐकू येतं, आणि बोलणारी खोटं बोलत नसते. दळण गिरणीत गेलं, पाणी नळाला आलं, निंदणाच्या जागी तणनाशक आलं. अंगमेहनत घटली, ताट तेवढंच राहिलं. त्यात दिवसभराचा चहा. कपाला दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांत ५० ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी. बिस्किटं वेगळी. सकाळी न जेवता वावरात जायचं आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर गंजातला (पातेल्यातला) उरलेला भात संपवायचा, हे तर आमच्या बायकांचं ठरलेलंच. म्हणून मी सासवांसमोरच सांगते की सुनेला सगळ्यांसोबत बसवा. भात मोजून टाका, म्हणजे उरणार नाही. चहाची साखर एकदम तोडू नका. आधी एक कप कमी करा, मग चमचा.

आता ज्वारी. आमच्या भागात घरोघरी भाकर होती. ती मागे पडली यात बायकांचा आळस नाही. ज्वारी पेरली की पाखरं, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) येतात, राखणीला माणूस मिळत नाही. सोयाबीन-कपाशीचा पैसा हाती येतो आणि राशनचा गहू-तांदूळ दारात असतो. तरी बाजारातून विकत घेऊन का होईना, एका जेवणाला भाकर ठेवा असं मी म्हणते. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू दहा ग्रॅमच्या आसपास असतात, पांढऱ्या तांदळात तीनेक. पोळीही चांगलीच, फक्त पीठ चाळून कोंडा टाकू नका. मला खटकतो तो चार पोळ्यांवरचा भाताचा ढीग. त्यापेक्षा वरण घट्ट करा, भात एक वाटी घ्या. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, पुढे ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी, हिवाळ्यात तुरीचे सोले. हे सगळं आपल्या बांधावरचं, ताजं आणि पोट भरणारं अन्न आहे. जवसाची चटणी रोज एक चमचा खा. त्यात ओमेगा-३ आहे, पण तेलही भरपूर आहे, म्हणून चमचाच.

तेलाचा हिशोब महिन्यावर ठेवा. माणशी रोज चार चमचे धरले, तर पाच जणांच्या घराला महिन्याला तीन लिटर पुरतं. तर्री कमी झाली की घरातली माणसं कुरकुर करतात, करू द्या. लसूण, सांबार (कोथिंबीर) आणि भाजलेल्या मिरच्यांनी चव येते.

एकादशीच्या साबुदाण्यानं वजन उतरत नाही. त्यात स्टार्च, तेल आणि शेंगदाणेच असतात. भगर आणि ताक त्यापेक्षा बरं.

चालण्याचं विचाराल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं. रस्त्यानं चालायला बायकांना लाज वाटते, लोक काय म्हणतील म्हणून. आमच्या गावात त्यावर जिल्हा परिषद शाळेचं मैदान हा उपाय सापडला. पहाटे दोघी-तिघी मिळून जातात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत घरी या.

ओळखीतून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरींवर कृपा करून पैसे घालू नका. त्या पैशात घरात डाळ, अंडी आणि ताक येतं. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झालं. शुगरची गोळी चालू असेल, तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि काही न करता वजन झपाट्यानं उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर त्याला यश समजू नका. त्याच आठवड्यात उपकेंद्रावर जाऊन शुगर तपासून घ्या, तिथं पैसे लागत नाहीत.