गोल निघालाच नाही

आज माझ्या जुन्या, हँडलं काढून मोटर लावलेल्या मिलिंग मशीनने पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या हुकमावर गोल कापला, ५० मिमीचा, अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात, आणि तो गोल नव्हता. लांबून मस्त दिसतो, पण नख फिरवलं की चार जागी बारीकशी पायरी लागते, बरोब्बर जिथे टेबल दिशा बदलतं तिथे.

सरकणं मोजणारा डायल लावून बघितलं तर ०.२ मिमी बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिल. मोटर उलटी फिरायला लागते आणि टेबल तेवढा वेळ ढिम्म. आणि मी महिनाभर हिशोब काय करत बसलो होतो, तर स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, वर प्रत्येक स्टेपचे १० मायक्रोस्टेप, एका फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकवणारा स्क्रू, म्हणजे मोटरला दिलेल्या एका पल्सला अडीच मायक्रॉन! वहीत सगळं छान होतं.

बाबांचं आयुष्य लेथवर गेलंय. तुकडा हातात फिरवत म्हणाले, "मशीन आधीपण एवढंच ढिलं होतं रे. तू हँडल नेहमी एकाच बाजूनं आणायचास."

खरंच की. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि परत त्याच बाजूनं यायचं, हे कधी शिकलो आठवतही नाही, हात आपोआप करायचा. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन असतं म्हणा, दिशा बदलताना मोटर तेवढी ढिल जास्त फिरवून भरून काढते, पण कटर टेबलाला स्वतःकडे खेचून घेतो तेव्हा ते काय कामाचं, जवळजवळ ढिल नसलेला बॉल स्क्रूच बसवावा लागणार बहुतेक.

काढलेली हँडलं अजून ड्रॉवरमध्ये आहेत. तुम्ही कन्व्हर्ट केल्यावर टाकून दिलीत का?