ता वानमधली लावणी

६ जून, रात्र

पाय भरून आलेत, नखांत अजून चिखल आहे आणि झोप काही येत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

सकाळी सा पा शहरातून निघालो तेव्हा धुकं एवढं की समोरचा रस्ता दिसेना. फान्सिपान, म्हणजे व्हिएतनाममधला सगळ्यात उंच डोंगर, ३,१४७ मीटरचा, दोन दिवसांत एकदाही दिसला नाही. त्याचं काही नाही, मी खाचरं बघायलाच आलेय.

गाईड म्हणून 'काळे ह्मोंग' या इथल्या डोंगरी समाजाच्या एक बाई होत्या, पाठीवर बाळ बांधलेलं आणि बोटं पार मनगटापर्यंत निळी, कारण अंबाडीसारख्या वाखाचं कापड घरीच विणून ते नीळीत पुन्हापुन्हा बुडवतात आणि तो रंग हातावरून महिनोन्महिने जात नाही म्हणे. वाटेत लहान पोरी मागे लागतात, ब्रेसलेट घ्या म्हणून. मी नाही घेतली, आपण घेत राहिलो तर त्यांची शाळा सुटते असं त्या बाईच म्हणाल्या, तरी एकीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाहीये.

लाओ चाय गावाच्या अलीकडे एका वळणावर धुकं उठलं आणि मुओंग होआची अख्खी दरी खाली उघडली. काही खाचरांत नुसतं पाणी चमकतंय, काहींत नुकती लावणी झालेली. सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढले, पण माझी नजर सारखी बांधांवर जात होती. एकेक बांध हातानं घातलेला, कुठं कुठं खाचर इतकं चिंचोळं की रोपांच्या दोन ओळी जेमतेम मावतील, आणि तेवढ्यासाठी कुणीतरी डोंगर फोडलाय. पाणी वरच्या झऱ्यावरून बांबूच्या पन्हळीनं पहिल्या खाचरात येतं, मग बांधाला तोंड पाडून खालच्यात, असं करत पार ओढ्यापर्यंत. एवढं करून पीक वर्षाला एकच, कारण हिवाळ्यात इथं कडाक्याची थंडी, कधीकधी बर्फसुद्धा. जूनमध्ये लावायचं, सप्टेंबरात कापायचं. घरचा तांदूळ वर्षभर पुरत नाही, म्हणून गाईडचं काम, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं.

ता वान गावाच्या आधी चार बायका लावणी करत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं आणि मी उतरले की चिखलात! थंडगार चिखल, डाव्या हातात जुडी, मागं मागं सरकत जायचं, सगळं तेच. रोह्याला आईबरोबर शेवटची लावणी केली त्याला सोळा वर्षं झाली असतील, हात विसरले नव्हते. त्या हसत होत्या, माझी ओळ बघून एकीनं मान हलवली, चांगलं चाललंय अशी, आणि मला एकदम भरून आलं. आमचं खाचर आता पडीक आहे. आईचे गुडघे गेले, आणि भाऊ प्लॉट पाडून विकायचं म्हणतोय.

संध्याकाळी होमस्टेच्या वायफायवरून आईला व्हिडिओ कॉल केला, फोटो दाखवले. सुंदर आहे वगैरे काही म्हणाली नाही, पहिला प्रश्न, "पाणी कुठनं आणलंय?" मी पन्हळींचं सांगितलं. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे रोज कुणीतरी वर जाऊन बघत असणार, पाला अडकला का ते."

हे मला सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी बाईंना विचारायचंय, वर कोण जातं.