अक्रोड न पिकणाऱ्या खोऱ्यातला अक्रोडाचा केक

स्वित्झर्लंडमधील कूर शहरातून निघालेली तांबडी रेल्वे लांडवासरचा ६५ मीटर उंच पूल आणि पुढे आल्बुलाचा लांबलचक बोगदा ओलांडून एंगाडिनच्या खोऱ्यात शिरते, तेव्हा खिडकीतून दिसतात ती सूचिपर्णी झाडे आणि कुरणे. अक्रोडाचे झाड मात्र नजरेस पडत नाही, कारण सुमारे १७०० मीटर उंचीवरच्या तिथल्या समेडान गावातील थंडी त्याला मानवत नाही. तरीही येथील बेकऱ्यांत मानाच्या जागी असतो तो ‘नुसटोर्टे’, म्हणजे अक्रोडाचाच केक.

या कोड्याचे उत्तर गावाच्या वेशीबाहेर, फार दूरवर सापडते. एंगाडिन ज्या प्रांतात मोडते त्या ग्राउब्युंडनच्या डोंगराळ खोऱ्यांत शेतीवर सर्वांचे पोट भरत नसे, म्हणून तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जात आणि त्यांतील अनेकांनी व्हेनिसमध्ये मिठाईच्या धंद्यात जम बसवला. १७६६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने त्यांच्या सवलती काढून घेऊन त्यांना हुसकावून लावले, तेव्हा हे कारागीर युरोपभर पांगले. १८३७ मध्ये रशियन कवी पुश्किन सेंट पीटर्सबर्गमधील ज्या कॅफेतून आपल्या अखेरच्या द्वंद्वयुद्धासाठी निघाला, तो वुल्फ आणि बेरांजे यांचा कॅफेही ग्राउब्युंडनकरांनीच काढलेला होता! साखर आणि सुका मेवा हाताळण्याचे जे कसब या मंडळींनी बाहेर कमावले, तेच या केकच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

दुकानी माल म्हणून मात्र त्याचे वय फारसे नाही. समेडानचे मिठाईवाले फाउस्तो पुल्ट यांनी तो १९२६ मध्ये विक्रीला आणला आणि १९३४ मध्ये बाझेल या स्विस शहराच्या व्यापारी जत्रेत मांडला. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून पर्यटकांना तो कौतुकाने विकला जातो, त्यामागचा हा इतिहास मला त्या बिरुदापेक्षा अधिक रंजक वाटतो.

बाहेरून तो अगदीच साधा दिसतो. लोणीदार, खुसखुशीत पारीच्या दोन थरांमध्ये जाडसर तुकडे केलेले अक्रोड असतात. त्यांना बांधून ठेवणारी, साखर जाळून त्यात साय ओतून केलेली तपकिरी टॉफी मात्र आपल्या चिक्कीसारखी कडक नसून दातांना चिकटणारी असते. वर मलई नसल्यामुळे तो आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि म्हणूनच टपालाने परगावी पाठवायला सोयीचा पडतो. कॉफीबरोबर बोटभर रुंदीची फोड पुरे होते. दुकानात त्याहून मोठी मिळाल्यास ती दोघांत घ्यावी.