दोन मिलिमीटरची दाढ

दंतवैद्याला तोंड उघडून पाहिल्यावर माणसाबद्दल बरंच कळतं. अंदाजे वय, तंबाखू, सुपारी, झोपेत दात खायची सवय. म्हणूनच असेल, डायनोसॉरच्या काळातल्या सस्तन प्राण्यांवर नवीन काही आलं की मी ते अधाशासारखी वाचते. हे प्राणी बहुतेक उंदीर-चिचुंद्रीच्या आकाराचे. हाडं नाजूक, ती मोडून-कुजून गेली. दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, तेवढं टिकलं. त्यामुळे यांच्यातल्या कितीतरी जातींची ओळख एखाद-दुसऱ्या दाढेवरच उभी आहे. आख्ख्या शास्त्रशाखेचा आधार दाढ आहे, हे कळल्यावर मी दुसरीकडे कुठे पाहणार!

क्लिनिकमध्ये आया नेहमी विचारतात, "मॅडम, हा पडला तर पुन्हा येईल ना?" दुधाचा असेल तर येईल, पक्का असेल तर नाही. पाल किंवा मगर यांना ही चिंता नाही, त्यांचे दात आयुष्यभर बदलत राहतात. मग आपल्याला दोनच संच का? कारण आईचं दूध. पिल्लू दुधावर वाढतं, त्या दिवसांत त्याला चावायचं काही नसतं. जबडा बराच मोठा झाला की मग दात येतात, आणि ते फार वेळा बदलावे लागत नाहीत. शिवाय दाढा सतत पडत राहिल्या तर वरची आणि खालची दाढ एकमेकींत नीट बसणार कधी? अन्न बारीक चावायचं तर चावा पक्का हवा. दुधाचा जीवाश्म होत नाही, पण दात बदलायची पद्धत खडकात सापडते. ब्राझीलमधला ब्रासिलोडॉन हा छोटा प्राणी साधारण २२.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या लहान-मोठ्या वयांच्या खालच्या जबड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दात एकदाच बदलल्याच्या खुणा दिसल्या.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो तो जबड्याचा सांधा. कानासमोर बोट ठेवा आणि तोंड उघडा. जे हलतं ते आपल्या खालच्या जबड्याचं टोक. आपला खालचा जबडा एकाच हाडाचा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनेक हाडांचा. त्यांचा सांधा वेगळ्याच दोन हाडांमध्ये असतो, आणि तीच दोन हाडं आपल्या मधल्या कानात हातोडी आणि ऐरण होऊन बसली आहेत. ज्यांच्यावर एके काळी जबडा फिरायचा, त्यांच्यातून आज तुम्हाला आवाज ऐकू येतो. कार्ल राइखर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या भ्रूणात हे नातं दाखवलं. म्हणजे डार्विनचा ग्रंथ यायच्या कितीतरी आधी. पण भ्रूणात दिसलेली गोष्ट खरोखर कशी घडली, हे सांगायला जीवाश्मच लागतात. इतका जुना सांधा सोडून नवा कसा धरला? मधल्या काळात तो प्राणी जेवला कसा?

याचं उत्तर मॉर्गन्युकोडॉनमध्ये आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, वेल्समधल्या चुनखडीच्या भेगांत सापडलेला इवलासा प्राणी. त्याच्या जबड्याला दोन्ही सांधे होते, जुना आणि नवा, शेजारी-शेजारी. जबड्याचा भार नव्याने घेतला, जुना हळूहळू मोकळा झाला. जेवण एक दिवसही थांबलं नाही.

नंतरचा टप्पा चीनमधल्या यानोकोनोडॉन या जुन्या सस्तन प्राण्यात दिसतो, हा शोध २००७चा. त्याची कानाची हाडं जबड्याच्या सांध्यातून सुटली होती, पण मेकेलच्या कूर्चेने, म्हणजे जबड्याच्या आतल्या बाजूच्या मऊ हाडाच्या दांडीने, ती अजून जबड्याला धरून ठेवली होती, आणि ती कूर्चाही हाडासारखी कडक झालेली. मेकेलची कूर्चा आम्ही बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षी भ्रूणशास्त्रात शिकतो. परीक्षेपुरती पाठ करून बहुतेक जण विसरतात. आपल्या प्रत्येकाच्या भ्रूणात ती तयार होते. तिच्या मागच्या टोकातून हातोडी आणि ऐरण घडतात आणि बाकीची जवळजवळ विरून जाते. जवळजवळ! खालची दाढ बधिर करायला मी जबड्याच्या आतल्या बाजूला सुई घालते, तिथे हाडाचं एक छोटं टोक असतं आणि त्याला कवटीच्या तळापासून आलेला एक चपटा अस्थिबंध चिकटलेला असतो. तो त्या कूर्चेचाच अवशेष. सुई त्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवावी लागते, नाहीतर भूल नीट चढत नाही. रोज हे इंजेक्शन देताना माझी सुई वीस कोटी वर्षांच्या त्या बदलाच्या शेजारून जाते आणि याचं मला आजही मनापासून नवल वाटतं.

मॉर्गन्युकोडॉनबद्दल आणखी एक. दाताच्या मुळावरचं सिमेंटम वर्षागणिक थरांनी वाढतं. २०२०च्या एका अभ्यासात शक्तिशाली क्ष-किरणांनी हे थर मोजले, तेव्हा हा प्राणी १४ वर्षांपर्यंत जगू शकत होता असं निघालं. आजचा एवढाच उंदीर एक-दोन वर्षांत संपतो. म्हणजे दात आणि जबडा आपल्यासारखे झाले, तरी त्याच्या जगण्याचा वेग अजून सरड्याकडे झुकलेला होता. सस्तनपणा एका झटक्यात आलेला नाही, हप्त्याहप्त्याने आला.

आता आमच्या नागपूरकडे येते. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाचं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून इथे आले आणि टाकळीच्या टेकडीपासून दूरदूरपर्यंत दगड, शिंपले, पानांचे ठसे गोळा करत राहिले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात तळ्यांतले जीव जपले गेलेत, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये सविस्तर मांडलं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी या जीवाश्म अभ्यासकांनी तेलंगणातल्या नस्कलच्या अशाच थरांतून भारतातला क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडातला, पहिला सस्तन प्राणी जाहीर केला. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी.

दाढ दोन मिलिमीटरच्या आतली. मी तिचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिलेत. खालच्या दाढेच्या पुढच्या भागावर उंच टोकदार उंचवटे, मागे खोलगट वाटी, आणि वरच्या दाढेचा आतला उंचवटा नेमका त्या वाटीत येतो, खलबत्त्यासारखा. कापणं आणि कुटणं एकाच चाव्यात. पुढे घोट्याची बारीक हाडंही मिळाली आणि त्यांवरून तो झाडांवर चढणारा असावा असं दिसलं. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी. भारत तेव्हा मादागास्करपासून तुटून समुद्रात एकटा होता. मग याचे नातेवाईक युरोप-आफ्रिकेत कसे निघतात, यावर अजून वाद आहे.

दाढेवर इतकं काही उभं करताना किती सांभाळावं लागतं, तेही याच क्षेत्राने दाखवलं आहे. मध्य प्रदेशातल्या टिकी इथल्या एका वरच्या दाढेवरून २००५ मध्ये टिकिथेरियम हा ट्रायासिक, म्हणजे डायनोसॉरच्या सुरुवातीच्या काळातला प्राणी ठरवला गेला. इतक्या जुन्या काळाच्या मानाने त्याची दाढ फारच पुढारलेली होती. २०२४ मध्ये रशियन संशोधकांनी ती चिचुंद्रीच्या कुळातल्या, फार नंतरच्या प्राण्याची असल्याचं दाखवलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. तशी दाढ एकटीच त्या काळात उगवणं कठीण.

आणि म्हणूनच मला सिरोंच्याच्या बाजूला काम व्हायला हवंय. प्राणहितेकाठचं कोटा हे गाव गडचिरोलीत आहे, त्याच्याच नावाने ते ज्युरासिक खडक जगभर ओळखले जातात. पलीकडे तेलंगणात पैकसिगुडेमला त्याच खडकांतून कोटाथेरियमसारख्या सस्तन प्राण्यांचे दात चाळून काढलेत. अलीकडे वडधमला जीवाश्म उद्यान झालं, तिथे मोठी लाकडं आणि मोठी हाडं आहेत. बारीक दातांसाठी मात्र माती पोत्यांनी आणून भिजवावी लागते, बारीक जाळीतून धुवावी लागते आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाणादाणा निवडावा लागतो. विदर्भातल्या कॉलेजांच्या भूशास्त्र विभागांना हे जमण्यासारखं आहे. एक खालचा जबडा, आतली बाजू शाबूत असलेला, एवढा मिळाला तरी पुरे. त्या बाजूला खोलगट चर असेल तर कानाची हाडं अजून जबड्यालाच चिकटलेली होती, चर बुजलेला असेल तर सुटली होती. दातांवरून हे कधीच कळणार नाही.