ओ लाम, पाचवा प्रयत्न: कडूपणाचं मूळ सापडलं

सापडलं! चार वेळा ओ लाम (लाओसचं मांस-वांग्याचं दाट कालवण) कडू झालं, चारही वेळा मी त्यात पडणाऱ्या सखान नावाच्या झणझणीत लाकडाला दोष दिला, आणि ते लाकूड निर्दोष निघालं.

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की लाओसच्या राजवाड्यातले आचारी फिया सिंग यांच्या पाककृतींच्या वहीतलं ओ लाम जमल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. चौथ्या भांड्यानंतर मात्र रडू यायचं बाकी होतं. म्हशीचं सुकं मांस छान शिजलेलं, पादेक (आंबवलेल्या माशाचं दाट खारं) जेवढ्यास तेवढं, पण घास गिळला की जिभेच्या मुळाशी कडवट थर. त्यात रस्सा पातळ, भाताचा गोळा बुडवला तर नुसता ओघळायचा.

सखानवर संशय जाणं साहजिक होतं. रानवेलीचं खोड, मिऱ्याच्याच कुळातलं; दीड तास उकळल्यावर कडू उतरणारच, असं मी धरून चालले. दुसऱ्या खेपेला साल खरवडली, तिसऱ्या खेपेला तुकडे शेवटच्या वीस मिनिटांत घातले, चौथ्या खेपेला रात्रभर भिजवून पाणी फेकलं. चरचर कमी कमी होत गेली, कडूपणा जिथल्या तिथे.

मग गेल्या शनिवारी चार लहान पातेली मांडली. प्रत्येकात नुसतं मिठाचं पाणी आणि सखानचे करंगळीएवढे तीन तुकडे. १५, ३०, ६० आणि ९० मिनिटं. साठचं सर्वांत देखणं: आधी मिऱ्याची ऊब, मग ओठांवर झिणझिण्या. नव्वदला लाकडाचा वास जरा पुढे आला, पण कडू एकही नाही.

उरली हिरवी गोल वांगी. रश्शात शिजली की काढून मी ती मिक्सरमधून फिरवत होते, वेळ वाचावा म्हणून. रविवारी अर्धी मिक्सरला लावली, अर्धी उखळात कुटली. मिक्सरमधला फेसाळ लगदा बोटाने चाटला आणि तोच थर जिभेवर! बियांचा पार भुगा झाला होता. मुसळाखाली गर पिचतो, बिया बहुतेक अख्ख्या राहतात. ह्या पदार्थाला मिक्सर नकोच. पपईचं सॅलड कुटायचं खोल मातीचं उखळही नको, त्यात वांगं कडेला चढून बसतं. जड लाकडी घ्या, महाग पडलं तरी.

दाटपणाचं उत्तर लुआंग प्रबांगला मिळालं. रेल्वे डिसेंबर २०२१मध्ये सुरू झाल्यापासून व्हिएंतियानहून जेमतेम दोन तासांत पोचता येतं, म्हणून ताजं सखान आणायला गेले होते. जुन्या राजवाड्याजवळच्या सकाळच्या बाजारात एका मे थाओंनी, म्हणजे आजीबाईंनी, माझी कहाणी ऐकून घेतली आणि मूठभर भिजवलेले चिकट तांदूळ माझ्या तळहातावर ठेवले. कच्चेच, वांग्याबरोबर कुटायचे. ह्यालाच खाओ बेउआ म्हणतात! मोक पामध्ये (केळीच्या पानात वाफवलेल्या माशात) मी ते कायम घालते, पण इथे सुचलं नव्हतं. ह्या तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, त्यामुळे रस्सा गार झाला तरी पाणी सोडत नाही.

फिया सिंग १९६७मध्ये गेले. त्यांच्या वह्या १९७४मध्ये ब्रिटिश राजदूतांच्या हाती पडल्या आणि १९८१मध्ये छापल्या गेल्या. ज्या वाड्यासाठी त्यांनी रांधलं, त्याच्या जवळ आजही तीच चव मुठीत मोजली जाते, हे पाहून मला भरून आलं.

पाचवं भांडं काल रात्रीचं. सखान ६० मिनिटं, वांगी आणि तांदूळ उखळातून, पादेक बाजारातल्या मडक्यातलं. (बाटलीतलं गाळीव पादेक मी आता घेणार नाही. एका दुकानातून घेतलेलं नुसतं खारट निघालं, माशाचा मागमूस नाही.) शेवटी भरपूर शेपू. शेपू पडला की सगळं घर आजीच्या स्वयंपाकघरासारखं वाटायला लागतं. रस्सा भाताच्या गोळ्याला चिकटला, तसाच राहिला. सखानचे तुकडे चघळून ताटाच्या कडेला टाकले, ओठ अर्धा तास झिणझिणत होते. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढचं पान खाय पेनचं, म्हणजे नदीतल्या शेवाळाच्या वाळवलेल्या पापडांचं होतं, पण नदी उतरून पाणी निवळल्याशिवाय चांगलं शेवाळ बाजारात येत नाही. तोवर मोक पा पुन्हा करणार होते. पण हे लिहिताना त्या झिणझिण्यांवरून माक खेन आठवलं. उत्तर लाओसमधलं माक खेन म्हणजे आपलं तिरफळच, झाड एकच. मग मोक पा राहू दे. आईला वेंगुर्ल्याहून तिरफळं पाठवायला सांगते, इथून तिला माक खेन पाठवते. ती बांगड्याच्या आमटीत घालेल, मी सहाव्या ओ लाममध्ये अर्धं सखान, अर्धं तिरफळ. तिरफळाची बी काढूनच टाकायची, हे मात्र आत्ताच वहीत लिहून ठेवलं.