कोणता पंप घेऊ, असे तुम्ही विचारलेत म्हणून

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीतले पाणी फिरते ठेवायला कोणता पंप घेऊ, असे विचारणाऱ्यांना माझ्याकडून एक नाव हवे असते, आणि मी नाव सांगत नाही म्हणून शिष्ट ठरतो. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत घरी प्रवाळांची टाकी सांभाळणारे मोजकेच असल्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. शिवाय पुण्या-मुंबईहून विचारणारे असतात, त्यांच्या प्रश्नाला ‘येताना बॅगेत टाकून आणाल का’ ही पुरवणी जोडलेली असते. या सगळ्यांना एकदाच, आणि जमल्यास न चिडता, उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

बॅगेचे आधी उरकतो. येथील साधा एसी, म्हणजे घरातल्या विजेवर थेट चालणारा, पंप १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. पुण्यात तो थेट लावलात तर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवलात तरी वारंवारता ५० हर्ट्झच राहत असल्यामुळे एक षष्ठांशाने मंद फिरेल. अडॅप्टरमधून वीज घेणाऱ्या डीसी पंपाचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेणारा असेल तर तो चालेल. पण भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तेथे ते घरी पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि नुसत्या माशांच्या टाकीला मी येथे वापरतो तेवढा प्रवाह देण्याची काहीही गरज नाही.

आता आकड्याचे. खोक्यावर ताशी गॅलन छापलेले असतात, त्यांना टाकीच्या गॅलनांनी भागायचे, मऊ प्रवाळांसाठी दहा ते वीस पट आणि ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांसाठी चाळीस पट किंवा त्याहून अधिक आले की झाले, हा हिशेब तुम्हाला पाठ आहे. मलाही होता. माझ्या ७५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे २८४ लिटरच्या, टाकीसाठी मी तो मांडून तीन हजार गॅलनांवर आलो होतो आणि त्या आकड्याचा मला अभिमान वाटत असे. हिशेब खोटा नाही, पण पाणी कोठे जाते आणि कोणत्या वेगाने जाते, हे तो सांगत नाही. नळीच्या तोंडावर बोट धरल्यावर जशी धार येते, तसेच पाणी अरुंद तोंडाच्या पंपातून आले तर समोरच्या प्रवाळाची त्वचा सोलून सांगाडा उघडा पाडते. तेवढेच पाणी रुंद पंख्याने ढकलले तर फांद्या नुसत्या न्हाऊन निघतात. प्रवाळाच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक पातळ, स्थिर थर असतो. तो मोडला तरच दिवसा आतल्या शैवालाने तयार केलेला प्राणवायू बाहेर पडतो, रात्री बाहेरचा आत येतो आणि अंगावरचा चिकटा धुऊन निघतो. १९९८ साली ओकिनावात समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, त्यानंतरच्या अभ्यासात तापलेल्या पण वाहत्या पाण्यातले प्रवाळ तापलेल्या संथ पाण्यातल्यांपेक्षा चांगले तगलेले दिसले. हे वाचूनच मी ‘जितका प्रवाह तितके चांगले’ असे म्हणत असे, आणि आजही ते सर्वस्वी चूक आहे असे मला म्हणवत नाही.

माझा सूर बदलला तो २०१२च्या सँडी वादळानंतर. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच रात्री एडिसनमधल्या आमच्या घराची वीज गेली, ती आठवडा उलटला तरी आली नाही. टाकीत तेव्हा तीन पंप होते. एक व्होर्टेक, म्हणजे ज्याची मोटर काचेबाहेर असते आणि चुंबकाच्या जोरावर आतला पंखा फिरवते तो, बॅटरीवर जोडलेला होता. उरलेले दोन साधे एसी पंप वीज जाताच थांबले. बॅटरीवर तो पंप मंद गतीने दिवसभराहून थोडा अधिक काळ चालत असे, आणि मला तेवढेच पुरेसे होते, कारण अशा वेळी पहिला घात थंडीने नव्हे, तर प्राणवायू संपल्याने होतो. २५ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो जास्तीत जास्त लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, आणि पृष्ठभाग हलता राहिला नाही तर मासे तो एका रात्रीत संपवू शकतात.

बॅटरी गाडीवर चार्ज करायची, तर गाडीला पेट्रोल हवे. ३ नोव्हेंबरपासून न्यू जर्सीच्या बारा काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) पेट्रोलसाठी गाडीच्या क्रमांकानुसार सम-विषम पद्धत लागू झाली, त्यांत आमची मिडलसेक्सही होती. आमच्या गाडीचा क्रमांक विषम, त्यामुळे एक दिवसाआड रांग. टाकीला ब्लँकेटे गुंडाळून, शेगडीवर तापवलेले पाणी बाटल्यांत भरून त्या टाकीत तरंगत ठेवून आम्ही दिवस काढले. पाणी एकोणीस अंशांवर उतरले, प्रवाळ मिटून बसले, पण एकही मासा गेला नाही. पंपाच्या निवडीबद्दल मी स्वतःवर इतका खूश पूर्वी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

वीज परत आली ती मध्यरात्रीनंतर. “अहो, आली वीज, आता तरी झोपा,” असे पत्नी म्हणाली आणि मी झोपलो. अंधारात आणि मंद प्रवाहात आमचे समुद्रफूल (ॲनिमोनी, फुलासारखा दिसणारा, दंश करणारा आणि सरकत जागा बदलणारा प्राणी) कपारीतून निघून, सरकत सरकत, एका बंद पडलेल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसले होते. एसी पंपाला हळू सुरू होणे ठाऊक नसते. वीज येताच तो पूर्ण वेगाने फिरला. सकाळी टाकीतले पाणी दुधासारखे पांढरे झाले होते. ज्या व्होर्टेकने सगळ्यांना जगवले होते, तोही आता पूर्ण गतीवर आला होता आणि त्या फुलाच्या चिंध्या व त्यांचा दंश टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यात इमानाने पोहोचवत होता. पाण्यातले विष शोषून घ्यायला कार्बन घातला, जवळ होते तेवढे मीठ कालवून पाणी बदलले. तरीही वादळातून वाचलेल्यांपैकी बहुतेक मासे आणि निम्म्याहून अधिक प्रवाळ पुढच्या काही दिवसांत गेले.

प्लग काढून ठेवायचा होतात, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. ऐकवणाऱ्यांपैकी कोणी टॉर्चच्या उजेडात तेवढ्या रात्री काढल्या होत्या का, हे मी विचारत नाही. मी एवढेच म्हणतो की, खोक्यावर पंपाचा कमाल प्रवाह छापतात; तो थांबल्यावर आणि पुन्हा सुरू होताना कसा वागतो, ते छापत नाहीत, आणि मला नेमके तेच माहीत असायला हवे होते.

यातून मी काढलेला पहिला निष्कर्षही टिकला नाही. यापुढे मोटर बाहेर असलेले डीसी पंपच घ्यायचे, असे मी ठरवले आणि कित्येकांना तसे सांगितलेही. पण मोटर बाहेर असली तरी पंखा आतच असतो, आणि हळू सुरू होणारा पंखाही समुद्रफुलाला ओढून घेतोच, फक्त सावकाश. काचेची जाडी पंपाला मानवणारी हवी, पंप हवा तेथे फिरवता येत नाही, आणि एसीच्या साधेपणाच्या जागी नियंत्रक नावाचे आणखी एक बिघडू शकणारे यंत्र येते. जर्मनीतल्या पेन्झबर्गच्या टुन्झे कंपनीचे जुने, काचेला आतून लावायचे पंप चालवणारे माझे मित्र वर्षानुवर्षे सुखात आहेत, आणि त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

पंख्याभोवती स्पंजाचे कवच घालावे, तर ते शैवालाने बुजते आणि ज्या प्रवाहासाठी पैसे मोजले तोच निम्मा होतो. न घालावे, तर पुढच्या समुद्रफुलाची वाट पाहत बसायचे. माझ्या टाकीत आज एका पंपाला कवच आहे आणि दुसऱ्याला नाही. या विसंगतीचे समर्थन मला करता येत नाही. म्हणून नाव विचारण्याआधी टाकीची लांबी, तळाची वाळू किती बारीक आहे, समुद्रफूल आहे का आणि वीज गेल्यावर कोणता पंप चालू राहणार आहे, एवढे लिहून पाठवा. त्यानंतर मी नाव सांगेन, आणि ते कदाचित माझ्या टाकीतल्या पंपाचे नसेल.